बाबांची चित्रशाळा चवथ सोडली तर रिकामीच असते. लमाणी बायकांना बसायला द्यायची म्हणतोय, पण कशी द्यावी?

पाट_नंबर_एक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

म्हापशात खोर्लीला आमच्या घरामागे बाबांची गणपतीची शाळा आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे मूर्तीच्या कारखान्याला चित्रशाळा म्हणतात, घरात नुसतं 'शाळा'. आषाढात लोक आपापला पाट आणून देतात. पाटाच्या मागे खडूने नाव असतं, त्याच पाटावर त्यांचा गणपती घडतो आणि चवथीला पाटासकट घरी जातो. बाबा होते तेव्हा दीडशेच्या वर पाट यायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली. मी विम्याच्या कचेरीत नोकरी करतो. मला माती मळता येते, साचा भरता येतो, पण डोळे लिहिता येत नाहीत. त्यासाठी कुडाळहून एक म्हातारे कारागीर येतात, आणि शेवटच्या चार रात्री ते फक्त डोळेच लिहितात. आता पाट साठावर आलेत.

चवथ झाली की शाळेला कुलूप. चाळीस फूट लांब, सोळा फूट रुंद, मंगलोरी कौलं. उत्तरेला चार खिडक्या आहेत, डोळे लिहिताना हाताची सावली पडू नये म्हणून बाबांनी मुद्दाम तिकडे काढलेल्या. भिंतीला फळ्या, कोपऱ्यात मातीचा हौद, एक नळ. संडास नाही. एकाने बिअरचे क्रेट ठेवायला गोदाम म्हणून मागितली होती, महिना बारा हजार. मी नको म्हटलं. बायको अजून त्यावर मधूनमधून बोलते.

आता यात लमाणी बायका कुठून आल्या? दोन ठिकाणांहून आल्या.

माझी धाकटी बहीण ॲडलेडला नर्स आहे, डायलिसिसच्या वॉर्डात. तिच्याकडे पार उत्तरेकडच्या वाळवंटातले आदिवासी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, उपचारासाठी येतात. ते परत जाऊ शकत नाहीत, कारण गावात मशीन नाही. वर्षानुवर्षं शहरातच अडकून पडतात. तर त्यांच्यातल्या चित्रकारांसाठी शहरात एक स्टुडिओ आहे. तिथे येऊन ते बसतात, रंगवतात, आपल्या भाषेत बोलतात. बहिणीची एक पेशंट आहे, सत्तरीची, मशीनला लावलेली असताना मोकळ्या हाताचं बोट चादरीवर फिरवत असते. बहिणीला वाटायचं, बाई अस्वस्थ आहे. मग कळलं, उद्याचं चित्र चाललेलं असतं. हे तिने सांगितलं त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून ते बोट जात नाही.

दुसरं म्हणजे गेल्या फेब्रुवारीत, बुधवारी संध्याकाळी, हणजुण्याहून म्हापशाला येणारी बस. बाजार उठलेला, बस खच्चून भरलेली. शेजारी एक लमाणी बाई, पायाशी भलंथोरलं गाठोडं. मांडीवर ती दुसरंच काहीतरी शिवत होती. वीतभर निळं कापड, त्यावर पांढऱ्या दोऱ्याच्या बारीक चौकटी, चौकटीत तिरके टाके, कडेला कवड्या. त्या रस्त्यावर बस कशी हादरते हे तुम्हाला माहीत असेल. मी दोन्ही हातांनी दांडा धरून उभा, आणि ही खिडकीबाहेर बघत टाके घालतेय. सुई एकदासुद्धा चुकली नाही. मी विचारलं, केवढ्याला? ती हसली, कोंकणीत म्हणाली, "हें विकपाचें न्हय. धुवेक." विकायचं नाही, मुलीसाठी आहे. मग गाठोड्यातलं? "तें दुकानाचें."

म्हणजे जे हातचं आहे ते विकायला नाही, आणि जे विकायला आहे ते हातचं नाही. इतकी वर्षं किनाऱ्यावर या बायकांना टाळून पुढे गेलो, आणि हे मला पन्नाशीत, बसमध्ये कळलं.

तर विचार असा आहे. या बायका पर्यटनाच्या हंगामात, ऑक्टोबर ते मे, इथे असतात. शाळा नेमकी तेव्हाच रिकामी. त्यांनी येऊन बसावं, शिवावं, हवं तर तिथूनच विकावं. मला भाडं नको. पण मला भीती वाटते ती माझीच. बारा हजारांवर पाणी सोडणारा माणूस महिन्याभरात 'मी यांच्यासाठी केवढं करतो' म्हणायला लागतो. तसा प्रकार मी जवळून पाहिला आहे. पैशाचा हिशेब कसा ठेवावा? वस्तूवर नाव कोणाचं? आणि ॲडलेडच्या गोष्टीशी ही सांगड घालणं हाच मुळात माझा मूर्खपणा आहे का? स्पष्ट सांगा.

कुळागर_फोंडा

स्पष्टच सांगायचं तर हो, सांगड चुकीची आहे. लमाणी कर्नाटकात अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. गोव्याच्या अनुसूचित जमाती म्हणजे गावडा, कुणबी, वेळीप. २००३ साली यादीत आल्या, म्हणजे गोवा मुक्तीनंतर चाळीस वर्षांनी. इथल्या मातीचे मूळ लोक हवे असतील तर दक्षिण गोव्यात केप्याला जा. लाल चौकड्यांचं कुणबी लुगडं आज नेसणारी बाई शोधावी लागते. त्यांना बसायला जागा द्यायचं कोणाला सुचत नाही, आणि बसमध्ये भेटली म्हणून लमाणीण सुचते.

रागावू नका बाब. चित्रशाळा गोदामाला दिली नाहीत त्याबद्दल मात्र नमस्कार.

पाट_नंबर_एक

रागावलो नाही. पण केप्याची कुणबी बाई आपल्याच घरात आहे हो. मी म्हणतोय ते घरापासून लांब राहणाऱ्यांबद्दल.

ॲडलेडची_धाकटी

दादा, नाव न घेता माझं सगळं गावभर केलंस, म्हणून मीच लिहिते.

आधी भांडण. पेशंटबद्दल असं लिहायचं नसतं. तुला फोनवर सांगितलं ते घरातलं होतं. मी आता कोणा एकीबद्दल काही सांगणार नाही, सगळ्यांचं मिळून सांगते, आणि तूही यापुढे ते बोट कोणाला सांगू नकोस.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे येणारे बरेच जण एपीवाय (तिथल्या लोकांच्या नावांची आद्याक्षरं) प्रदेशातले, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या अगदी वायव्य कोपऱ्यातले. ॲडलेडपासून हजार किलोमीटरहून जास्त लांब. १९८१ च्या कायद्याने ती जमीन त्यांच्या नावावर झाली. एक लाख चौरस किलोमीटरच्या वर आहे. आपलं गोवा पावणेचार हजार, यावरून अंदाज कर. तर एवढी जमीन ज्यांच्या मालकीची, ते आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार-पाच तास, एका खुर्चीत मशीनला लावलेले असतात. उरलेले चार दिवस शहरात भाड्याच्या खोलीत. त्यांच्या भाषेत 'ङुरा' असा शब्द आहे. घर, मुक्काम, गाव, आपली जमीन, सगळं त्यात येतं. चित्रात ते तेच काढतात. पाणवठा कुठे, पूर्वज कुठून कुठे चालत गेले, ते. ठिपके बघून आपल्याला नक्षी वाटते, आणि त्यांच्यासाठी तो सातबारा असतो. (ही उपमा माझी, त्यांना कोणी सांगू नका.)

हा स्टुडिओ एपीवाय आर्ट सेंटर कलेक्टिव्हचा. ही गावोगावच्या आदिवासी मालकीच्या कलाकेंद्रांची मिळून झालेली संस्था आहे. मी एकदाच आत गेले, तेही बोलावलं म्हणून. माझ्या लक्षात चित्रं कमी राहिली, बाकीचं जास्त. जमिनीवर पसरलेले कॅनव्हास, आणि त्याभोवती मांडी घालून बसलेल्या आज्या. एक रंगवतेय, दोघी नुसत्या गप्पा मारताहेत, एक झोपली आहे. झोपलेल्या बाईला कोणी उठवत नव्हतं. चहा मोठ्या किटलीत. माझ्या वॉर्डात ज्या दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीत, त्या तिथे खो-खो हसत होत्या. मला जरा वाईटच वाटलं, की आमच्याकडे यांना हसायला काही मिळत नाही.

आणखी एक. तिथे हजेरी नसते. त्यांच्यात कोणी वारलं की सगळे नातेवाईक दिवसच्या दिवस गायब होतात, त्याला ते 'सॉरी बिझनेस' म्हणतात. काम तसंच पडून राहतं, आणि ते चालतं. तू मात्र 'आज पाचच जणी आल्या' म्हणून मला व्हॉट्सॲप करशील. तुला मी ओळखते.

तिथे सगळं गोडगोड आहे असंही नाही. २०२३ मध्ये याच संस्थेवर आरोप झाला, की गोऱ्या मदतनीसांनी चित्रांवर ब्रश फिरवला. कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात त्यांचं मोठं प्रदर्शन ठरलं होतं, ते पुढे ढकललं गेलं. कलादालनाने २८ चित्रं स्वतंत्र लोकांकडून तपासून घेतली. निष्कर्ष आला, की चित्रांवर ताबा कलाकारांचाच होता. पण तोवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरून झाले होते. मला तेव्हा आपली शाळा आठवली. माती मळणारा वेगळा, साचा भरणारा वेगळा, अंगाचा रंग देणारा वेगळा, डोळे बाबा लिहायचे. गणपती कोणाचा, तर बाबांचा. याबद्दल कोणाला कधी शंका आली का? तिथेही म्हाताऱ्या बाईला पार्श्वभूमीचा रंग लावायला मदत लागते. प्रश्न एवढाच, की डोळे कोण लिहितं.

आणि तू नेहमी अर्धीच गोष्ट सांगतोस. चित्रं ही केवळ वेळ घालवायला नसतात. २००० साली किंटोर आणि किविर्कुरा या वाळवंटातल्या गावांच्या चित्रकारांनी मोठमोठी चित्रं मिळून काढली, सिडनीच्या कलादालनात लिलाव केला, दहा लाख डॉलरहून जास्त जमवले, आणि २००४ मध्ये किंटोरला स्वतःचं डायलिसिस सुरू केलं. ॲलिस स्प्रिंग्जपासून पाचशे किलोमीटरहून आत, वाळवंटात. आज ती संस्था पर्पल हाऊस म्हणून ओळखली जाते. बऱ्याच दुर्गम गावांत मशीन नेलीत, मशीन बसवलेला एक ट्रकसुद्धा फिरतो. म्हणजे चित्र विकून त्यांनी घरी परतायची सोय केली. तुझ्या बायकांना कुठे परतायचंय, ते विचारलंस का?

वहिनीचं बारा हजाराचं ऐक जरा. आणि आधी संडास बांध.

तांडा_ते_थिवी

मी लमाणी. वडिलोपार्जित तांडा गदग जिल्ह्यात, जन्म गोव्यात, सरकारी मराठी शाळेत चौथीपर्यंत, म्हणून हे वाचता आलं. आई हणजुण्याला बसते, बाकीचे दिवस कळंगूटच्या वाळूत फिरते. किनाऱ्यावर फिरून विकायला बंदी आहे. त्यामुळे खाकी दिसली की गाठोडं उचलून पळायचं, हा आमचा व्यायाम.

रात्री हा धागा मी आईला वाचून दाखवला, गोर बोलीत सांगत सांगत. वाळवंटातल्या बायकांच्या गोष्टीला ती बराच वेळ "हां, हां" म्हणत होती. लिलावाच्या ठिकाणी तिने मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग शाळेचं सांगितलं, खिडक्या, नळ, फुकट वगैरे. तिचा पहिला प्रश्न: "भाडं किती?"

म्हटलं, याडी (आई), फुकट आहे. म्हणाली, मग नको.

दादा, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण फुकट जागा देणारा माणूस कधी ना कधी काहीतरी मागतोच. कोणी फोटोला उभं राहायला सांगतो, कोणी पाहुणे आले की नाचायला सांगतो. एक बाई आम्हाला 'वर्कशॉप' म्हणून बोलवायच्या. चहा-बिस्किट द्यायच्या, आणि आमच्या जुन्या कपड्यांचे तुकडे किलोच्या भावात घ्यायच्या. पुढे पणजीला एका दुकानाच्या काचेत आईला उशी दिसली. उशीच्या मधोमध तिच्या आईच्या कांचळीचा, म्हणजे चोळीचा, पाठीचा तुकडा. तिने तो आरशांवरून ओळखला. तीन आरसे जुने, जाड, चौथा तिने स्वतः लहानपणी बसवलेला, तो वाकडा होता. किंमत बघायला मी आत गेलो, सांगत नाही किती होती. आई बाहेरच उभी राहिली.

म्हणून भाडं घ्या. गाठोड्यामागे महिना दोनशे म्हणा, तीनशे म्हणा, पावती द्या. पैसे दिले की जागा आमची होते. मग तुमच्या घरी कोणी पाहुणा आला म्हणून आम्हाला उठायची गरज नाही.

दुसरं, तुम्ही 'बसायला, शिवायला' म्हणता. आम्हाला सगळ्यात आधी काय पाहिजे माहीत आहे? गाठोडी ठेवायला जागा. आम्ही सात माणसं एका खोलीत, आणि चार गाठोडी. रात्री गाठोडी बाहेर ठेवावीत तर चोरी, आत ठेवावीत तर माणसं बाहेर. माझा लहान भाऊ दहावीचा अभ्यास गाठोड्यावर बसून करायचा, टेबलखुर्ची एकातच. तुमच्या शाळेत त्या फळ्या आहेत म्हणता ना, त्यांच्यासाठी बायका येतील. बसल्या की सुई आपोआप निघते, ते सांगावं लागत नाही.

पण तुमचं गणित एका ठिकाणी चुकतंय. पावसाळ्यात आम्ही तांड्यावर जातो आणि माल मागे ठेवतो. गाठोडी ठेवायची खरी अडचण जून ते सप्टेंबर असते, आणि तेव्हा तुमच्याकडे गणपती असणार. बघा काय जमतं.

आता त्या निळ्या कापडाबद्दल. ते बहुतेक कोथळी असावी, लग्नात मुलीबरोबर देतात ती पिशवी. पांढऱ्या दोऱ्याचे ते टाके नाकरा किंवा वेले असतील, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मला नावं येतात, टाके येत नाहीत. माझ्या बहिणीला दोन्ही येत नाही, ती सुपरमार्केटात बिलं करते आणि तिला त्यात काडीचं वाईट वाटत नाही. आईला एक कोथळी व्हायला हिवाळा जातो. ती विकायला काढलीच तर वाळूतलं गिऱ्हाईक म्हणणार, शंभरला दोन दे. म्हणून आम्ही यंत्रावरचा माल आणतो, तोही बराचसा गुजरातेतून. आमच्या हाताचं काम विकलं जात नाही असं नाही. कर्नाटकात संडूरला बायकांचं केंद्र आहे, २०२३ मध्ये हंपीत जी-२० च्या वेळी साडेचारशेच्या वर बायकांनी केलेले १७५५ नग मांडले आणि गिनेसमध्ये नोंद झाली. पण ते तिकडे. गोव्यात आम्ही म्हणजे 'अरे बाबा, नको, जा.'

फोंड्याच्या काकांना एक. आम्ही इथले मूळ नाही, बरोबर. पण माझी आई या किनाऱ्यावर पस्तीस वर्षं आहे. आणि वाळवंटातल्या त्या बायका तरी ॲडलेडच्या मूळच्या कुठे आहेत? त्याही तिथे पाहुण्याच. यादीत कोण कुठे आहे ते बाजूला ठेवा.

कुळागर_फोंडा

पोरा, मानलं. जागा दोघांना पुरेल एवढी आहे असं म्हणतो आणि गप्प बसतो. वाकड्या आरशाचं वाचून जेवण गेलं नाही.

जमाखर्च

मी हिशेबाची कामं करतो, भावनेचं बाकीच्यांनी बोलून झालंय.

ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच कलाकेंद्रांत विक्रीचे पन्नास ते साठ टक्के कलाकाराला आणि उरलेले केंद्राला अशी वाटणी असते. केंद्राच्या वाट्यातून रंग, कॅनव्हास, पगार, वाहतूक भागतं. महत्त्वाचं हे की केंद्र कलाकारांच्याच मालकीचं असतं, मंडळ ते निवडतात. शिवाय तिथे २०१० पासून पुनर्विक्रीचा हक्क आहे. चित्र पुन्हा हजार डॉलर किंवा जास्तीला विकलं तर पाच टक्के चित्रकाराला. हा कायदा उगीच नाही आला. क्लिफर्ड पॉसम नावाच्या चित्रकाराचं 'वार्लुगुलाँग' हे चित्र सत्तरच्या दशकात बाराशे डॉलरला गेलं होतं, २००७ मध्ये ते चोवीस लाखांना लिलावात विकलं गेलं. तोवर तो वारला होता.

आणि १९६६ ची गंमत बघा. ऑस्ट्रेलियाने पौंड सोडून डॉलर आणला, तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी या आदिवासी चित्रकाराचं सालीवरचं चित्र छापलं, त्याला न विचारता. देशभर खिशाखिशात त्याचं चित्र आणि त्याला पत्ता नाही. बोभाटा झाल्यावर रिझर्व्ह बँकेने हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान दिलं. मासेमारीचं सामान!

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. चित्र, शिल्प, रेखाटन पुन्हा दहा हजारांच्या वर विकलं तर मूळ कलाकाराला हिस्सा मागता येतो, तो जास्तीत जास्त दहा टक्के. कोथळी त्यात बसेल या आशेवर राहू नका. संडूरच्या लंबाणी (म्हणजे लमाणीच) भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते संडूरचं. गदगच्या बाईने म्हापशात बसून तोच टाका घातला तर तिला ते नाव लावता येणार नाही. त्यामुळे लेबलवर 'संडूर' छापायचा मोह टाळा.

तुमच्यापुरतं सांगतो. संस्था, ट्रस्ट वगैरे पहिल्या वर्षी काढू नका. एक वही करा. डाव्या पानावर वस्तू, करणारीचं नाव, तिने सांगितलेली किंमत. उजव्या पानावर विकलेली किंमत आणि अंगठा किंवा सही. वही तुमच्याकडे नको, त्यांच्यातल्या कोणाकडे. केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विभागाचं कारागीर ओळखपत्र काढून द्यायला मदत करा, त्यावर जत्रा-प्रदर्शनात गाळा मिळणं सोपं जातं. पणजीच्या लोकोत्सवाला देशभरचे कारागीर येतात, आणि म्हापशाची बाई तिथे गिऱ्हाईक म्हणूनही जात नाही.

भाड्याचं त्या मुलाने सांगितलं ते सोळा आणे. पावतीपुस्तक पंचवीस रुपयांना मिळतं.

पाट_नंबर_एक

तीन आठवड्यांनी लिहितोय.

धाकटे, ते बोट मला काढता येत नाही, इथे लिहिलेलं खोडायची मुदत गेली. चूक झाली. संडासाचं काम सुरू आहे, खड्डा झाला, भांडं आलं.

थिवीच्या भावाला फोन केला, तो आईला घेऊन रविवारी आला. बरोबर आणखी चौघी. मी सकाळी उठून शाळा झाडून, सतरंजी अंथरून, बाबांच्या फोटोला हार घालून तयार. त्या आल्या, आत एक फेरी मारली, आणि सतरंजी सोडून मागच्या दारी उंबऱ्याबाहेर फणसाखाली बसल्या. आत का नाही, विचारलं तर त्याच्या आईने नाकाला पदर लावून दाखवला. ओल. मला लहानपणापासून तो मातीचा वास म्हणजे चवथ, त्यामुळे तो वास आहे हेच मला कळत नव्हतं. मातीला ओल हवी म्हणून बाबांनी भिंतींना आतून चुनाच लावलेला, दक्षिणेला एकही झडप नाही. गणपती सावकाश वाळतो, तडकत नाही. कापडाला तीच ओल महिन्यात बुरशी आणेल. उजेड मात्र त्यांना आवडला. एकीने खिडकीशी उभं राहून सुईत दोरा ओवून पाहिला, पहिल्याच फटक्यात गेला, तर बाकीच्या चौघींनीही ओवून पाहिला.

भाडं ठरलं: गाठोड्यामागे महिना अडीचशे. मी दोनशे म्हणत होतो, त्यांनी वाढवलं, पण त्यात किल्ली धरली. दोन किल्ल्या केल्या. एक त्याच्या आईकडे. ती देताना माझा हात जरा अडखळला हे कबूल करतो, बाबांनी ती किल्ली कधी आम्हालाही दिली नव्हती. बायकोने सहा गाठोड्यांचा हिशेब करून दाखवला, पंधराशे. बारा हजारातून वजा करून उरलेला आकडा तिने फ्रिजवर लिहून ठेवलाय.

बसमधल्या बाईंबद्दल विचारलं. निळी कोथळी म्हणजे कोण, त्या पाचही जणींना माहीत होतं. नाव सांगितलं नाही. "येईल तिला यायचं तर," एवढंच.

आता अडचण तुमच्यापुढे टाकतो. पावसाळ्यात खाली गणपती असणार, म्हणून गाठोड्यांसाठी वर पोटमाळा घालायचा आहे. वासे सागवानी, चांगले आहेत. एका बाजूने बारा फूट फळ्या टाकल्या तर वीसेक गाठोडी बसतील असं सुताराचं म्हणणं. पण खाली ओली माती आणि वर कापड, तेही जून ते सप्टेंबर. काही उपाय आहे का? कौलात काचेची दोन कौलं बसवून ऊन घ्यावं, की गाठोडी पत्र्याच्या पेट्यांत ठेवावीत?

तांडा_ते_थिवी

पेट्या नको, पत्र्याला आतून पाणी सुटतं. आई म्हणते, गाठोड्यात कडुलिंबाचा पाला घालू, आणि पोटमाळ्यावर एक बल्ब रात्रंदिवस चालू ठेवा, जुना, पिवळा, गरम होणारा. तसा कुठे मिळत असेल तर सांगा, आमच्याकडे सगळे एलईडी. विजेचं बिल गाठोड्यांवर वाटून लावा.

कुळागर_फोंडा

पिवळे बल्ब माझ्याकडे चार आहेत, साठ वॉटचे, कोंबडीच्या पिल्लांसाठी आणले होते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतो, कुठे देऊ?